तुम्ही विचारलंत म्हणून: बाइट वाचतात कुठे?

कोड गोल्फ, म्हणजे तेच काम सर्वात छोट्या प्रोग्रॅममध्ये करून दाखवायचा खेळ, खेळतो म्हटलं की कुणीतरी विचारतंच, "म्हणजे स्पेस काढायच्या आणि व्हेरिएबलची नावं एका अक्षराची करायची, एवढंच ना?" तेही करायचं असतं, पण ते चुटकीसरशी संपतं. प्रोग्रॅम कमीत कमी बाइटांत (इथे एक अक्षर किंवा खूण म्हणजे एक बाइट) बसवायचा तर खरं काम त्यानंतर सुरू होतं.

फिझबझच घ्या. १ ते १०० आकडे छापायचे. ३ ने भाग गेला तर आकड्याऐवजी 'फिझ' (Fizz), ५ ने गेला तर 'बझ' (Buzz), दोन्हींनी गेला तर दोन्ही जोडून. इफ-एल्सची, म्हणजे 'असं असेल तर हे, नाहीतर ते' अशा अटींची शिडी इथे पहिल्यांदा टाकून द्यायची. पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत शब्दाला १ ने गुणलं तर शब्द राहतो, ० ने गुणलं तर रिकामी स्ट्रिंग, म्हणजे एकही अक्षर नसलेला मजकूर, उरतो. तुलना खरी असेल तर ती १ धरली जाते, खोटी असेल तर ०. म्हणून 'बाकी १ पेक्षा लहान आहे का' ही तुलना कंसात घालून शब्दाला गुणायची, दोन्ही शब्द जोडायचे आणि पुढे 'ऑर' (or, 'किंवा') लावून आकडा ठेवायचा. शब्द आलाच नाही तर आकडा छापला जातो. ६२ बाइट. दुसरी वाट स्लाइसिंगची, म्हणजे शब्दाचा तुकडा कापून घेण्याची: बाकीला ४ ने गुणून त्या जागेपासून पुढचा शब्द घ्यायचा. बाकी शून्य असेल तर इंग्रजीतला चार अक्षरी शब्द अख्खा मिळतो, नाहीतर काहीच नाही. मला ही जास्त देखणी वाटते, पण मोजली तर तीही ६२.

आता गोल्फवाल्यांत मुरलेला डाव बघा. मोजणी १ ऐवजी ० पासून सुरू करायची. रेंजमधले, म्हणजे कुठून कुठवर मोजायचं ते सांगणाऱ्या भागातले, दोन बाइट तिथेच वाचतात. ३ च्या पटीच्या जागी आता बाकी २ येते. तिला २ ने पूर्णांकी भागलं की १, आणि बाकी ० किंवा १ असेल तर ०. 'बझ'साठी तसंच ४ ने भागायचं. तुलना गेली, कंस गेले, दर शब्दामागे एकेक बाइट सुटला. छापताना मात्र आकडा एकने वाढवावा लागतो. 'अधिक एक' लिहिलं तर 'ऑर'नंतर स्पेस लागते. त्याऐवजी आकड्याआधी बिट उलटवणारी टिल्ड (~) आणि तिच्याआधी उणे लावलं की किंमत तीच येते, आणि उणे 'ऑर'ला चिकटून बसतं. वाचलेल्या चारांतला एकच बाइट इथे खर्च होतो. एकूण ५९! हे तीन बाइट मला फार प्रिय आहेत. ते गणितच एका घराने सरकवल्यामुळे मिळतात.

जेलीसारख्या खास गोल्फच्या भाषांत एकेका खुणेत अख्खं काम भरलेलं असतं, त्यामुळे उत्तरं याहून कितीतरी लहान येतात. त्यांतही कसब लागतंच. पण दोन भाषांचे आकडे समोरासमोर ठेवून हार-जीत ठरवणं मला पटत नाही. मी पायथनचं उत्तर पायथनच्याच उत्तराशी ताडतो.