'हे काय काढलंयस?' असं विचारायचं नाही

सध्या मला एक प्रश्न विचारायला बंदी आहे. चिरंजीवांनी चित्र दाखवलं की "हे काय काढलंयस रे?" म्हणायचं नाही. "वा, छान!" हेही शक्यतो नको. आणि त्याने कितीही गळ घातली तरी त्याच्या कागदावर आपण हत्ती काढून द्यायचा नाही. बालवाडीच्या पालकसभेत हे इतक्या गोड आवाजात सांगितलं की घरी पोचेपर्यंत मला राग आलाय हेच कळलं नाही.

बालवाडी ज्यू लोकांची, बॉस्टनजवळ न्यूटनमध्ये. तुम्ही तिथे कसे, असं प्रत्येक जण विचारतो म्हणून सांगते. घरापासून चालत जाता येतं, इतर धर्मांची मुलं घेतात आणि कोशरच्या, म्हणजे ज्यूंच्या खाण्यापिण्याच्या, नियमांमुळे डब्यात मांस चालत नाही. हे शेवटचं ऐकल्यावर माझ्या आईने पुढची चौकशीच केली नाही. शिवाय मी अलिबागची. इस्रायल आळीतून सायकल दामटत शाळेत गेलेली. शनिवार तेली, म्हणजे शनिवारी घाणा बंद ठेवणारे आमच्याकडचे ज्यू, मला इथे येऊन कळले नाहीत. कोकणातले ज्यू पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलतात, त्यांच्या मलिद्यात पोहे आणि खोबरं असतं, हे सांगितल्यावर मुख्याध्यापिकांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. तेवढा दिवस माझा.

तर चित्रकला. इटलीतल्या रेज्जो एमिलिया गावात युद्धानंतर लोरिस मालागुझ्झी आणि मंडळींनी उभी केलेली बालशिक्षणाची पद्धत इथल्या बऱ्याच ज्यू बालवाड्यांना आवडते. त्यात चित्रांसाठी वेगळी खोली असते आणि मूल काय करतं, काय बोलतं याची नोंद ठेवतात. एकदा मी तिथे मदतीला बसले. बुटके बोर्ड, प्रत्येक रंगाच्या बरणीत त्याचा त्याचा ब्रश. चिरंजीवांनी पिवळ्याने सुरुवात केली. अख्खा हात खांद्यापासून फिरत होता. त्यावर निळा, मग लाल, मग परत निळा, आणि बघता बघता सगळं शेणकाल्यासारखं झालं. "बास आता, घाण होतंय" हे माझ्या अगदी ओठांवर आलेलं. मोरा (बाईंना मुलं मोरा म्हणतात) त्याच्याशेजारी जमिनीवर बसल्या आणि म्हणाल्या, "इथे रंग जाड बसलाय. ब्रश इथून पार तिथपर्यंत गेला." बस, एवढंच. तो म्हणाला, "पाऊस झोपलाय." त्यांनी ते तारखेसकट लिहून घेतलं. ओल्याने कागद मधोमध फाटला होता. तो तसाच वाळवून भिंतीवर लावला.

आता मी इंटरमिजिएटला ए ग्रेड मिळवलेली बाई. आमच्या सरांनी मडकं आणि तांब्या समोर ठेवून शेडिंग घोटून घेतलं, लंबवर्तुळ वाकडं गेलं की खोडरबर हातात द्यायचे. मी चित्र काढताना काय बोलते हे कुणी टिपून घेतलं नाही. पण मडकं मला अजून येतं, डोळे मिटून येतं. पाऊस झोपवणाऱ्यांना पुढे मडकं येईल का, हे पालकसभेत विचारायचं राहून गेलं.

पटत नाही असंही नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या ऱ्होडा केलॉग यांनी लहान मुलांची लाखो चित्रं जमवून त्यातल्या रेघोट्यांचे 20 मूळ प्रकार मांडले होते. आधी रेघा, मग बंद होणारं वर्तुळ, मग डोक्यातूनच थेट पाय फुटलेला माणूस. कुणी शिकवलं नाही तरी मुलं याच वाटेने जातात. चिरंजीवांचं वर्तुळ गेल्या महिन्यात बंद झालं. सध्या घरातले सगळे बिनपोटाचे आहेत.

पण मग आमच्या ताराबाई मोडकांचं काय? 1945 साली बोर्डीत त्यांनी आणि अनुताई वाघांनी गावातल्या गरीब मुलांसाठी काम सुरू केलं. गारगोट्या, पानं, बिया, जे हाताशी असेल ते घेऊन. रेज्जोची पहिली शाळाही लोकांनी त्याच साली बांधायला घेतली. इटलीहून आलं की त्याला तत्त्वज्ञान म्हणतात, बोर्डीहून आलं की अंगणवाडी. हे मी मोरांना ऐकवलं. त्यांनी तेही लिहून घेतलं!

एका गोष्टीचं मात्र खरंच कौतुक वाटतं. शुक्रवारी मेणबत्त्या, हाला नावाचा वेणीसारखा पाव, आणि मग आठवड्याची चित्रं गुंडाळी करून घरी. त्याच्या मित्राच्या घरी शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विश्रांतीचा दिवस, कडक पाळतात. शुक्रवारी सूर्यास्ताआधी सगळे खडू कपाटात जातात, कारण शनिवारी लिहिणं, रंगवणं, इतकंच काय, खोडणंसुद्धा काम धरलं जातं. नुसती दोन अक्षरं लिहिली तरी! रोज रेघोट्यांचं एवढं कौतुक करणारे लोक एक दिवस हात अजिबात लावत नाहीत. आमच्याकडे खडूला सुट्टी नसायची, फक्त चित्रकलेच्या तासाला असायची, गणिताच्या बाई तो घ्यायच्या म्हणून. आणि पेसाह या सणाच्या आधी वर्गातली मळण्याची रंगीत माती गायब होते, कारण त्यात गव्हाचं पीठ, आणि सणात आंबू शकणारं पीठ जवळ ठेवायचं नसतं. तेव्हा चिरंजीवांनी जे भोकाड पसरलं, ते गारगोट्या देऊनही थांबलं नाही.

घरी मी दिवाळीत त्याला ठिपक्यांची रांगोळी शिकवायला घेतलीय. बोट धरून. ठिपका ओळीत नसला तर पुसायचा आणि परत द्यायचा, त्यात मत विचारत नाही. त्याला आवडतं. मोरांनी विचारलं तर सांगेन, पण अजून कुणी विचारलेलं नाही.