द्राक्षाचं पान आणि माझी कटकट

दुपारी दिंडोरी नाक्यावर एक टेम्पो पुढ्यात येऊन थांबला. मागच्या फळीवर द्राक्षांचा घड रंगवलेला, वर एक पान. घड झकास. पण पानाच्या मधोमध एकच शीर आणि तिला दोन्हीकडे फाटे. म्हणजे चक्क आंब्याचं पान. तेही नाशकात! द्राक्षाच्या पानाला देठ जिथे टेकतो, तिथूनच पाच मुख्य शिरा पंज्यासारख्या फाकतात. कडेचे कातरे नंतर. हे एवढं धरलं की पान आपोआप बसतं.

ही माझी जुनी खोड आहे. लग्नपत्रिकेवरची वेलबुट्टीसुद्धा मी सोडत नाही. फूल कुठल्या पेरातून फुटलंय ते शोधत बसते आणि मुहूर्त वाचायचा राहतो. घरचे आता पत्रिका परस्पर वाचून मला फक्त वार सांगतात.

याचं खापर शाळेतल्या चित्रकलेच्या बाईंवर फोडायला हवं. एलिमेंटरीच्या तयारीला जास्वंद ठरलेली. आम्ही वर्तुळ काढून त्याला पाच पाकळ्या चिकटवायला निघालो की त्या रबर पुढे करायच्या. आधी पाकळ्यांची टोकं जिथवर पोचतात तिथून एक लंबवर्तुळ काढायचं. फूल जितकं तिरकं तितकं ते चपटं. मग तळाचा बिंदू, कारण पाकळ्या तिथून निघतात. मधली पुंकेसरांची दांडी मागे वाढवली तर ती देठाला जाऊन मिळाली पाहिजे. नाही मिळाली तर फूल मोडलेलं दिसतं, रंग कितीही चांगला दिलात तरी. पाकळीची एक कड शेजारणीच्या वर, दुसरी खाली, असं फिरत जायचं. पान दुमडलं असेल तर मधली शीर आधी, आणि झाकलेली कडही हलक्या हाताने काढायचीच. खोडायला रबर आहे ना, असं त्या म्हणायच्या.

पण खरी शिकवणी मामांच्या बागेत झाली. ऑक्टोबरात गोडी छाटणीच्या, म्हणजे फळासाठी करतात त्या छाटणीच्या आधी पानगळ झालेली असते. एरवी हिरव्या मांडवाखाली काहीच कळत नाही. तेव्हा मात्र सगळं उघडं. खोड, तारेवरून गेलेले ओलांडे म्हणजे आडव्या फांद्या, त्यावर काड्या, काडीला पेरं आणि पेरापेरावर डोळा म्हणजे फुटायचा कोंब, एक या अंगाला तर पुढचा त्या अंगाला. मामा डोळे मोजत कात्री चालवायचे. नव्या फुटीवर बाळी, म्हणजे वेल ज्याने आधार धरतो तो तणावा, नेहमी पानाच्या समोरच्या बाजूला येते. लागोपाठ दोन पेरांवर, मग तिसरं बहुधा रिकामं. आणि घडही त्याच जागेवर धरतो, कारण बाळी आणि घड मुळात एकाच जातीचे. कधीकधी बाळीच्याच टोकाला चार मणी लागलेले दिसतात. पानाच्या बगलेतून घड लोंबवणारे चितारी बागेत एकदा तरी जातात की नाही, कोण जाणे.

त्या सुट्टीत मी ती बोडकी बाग वहीत काढली. पानं नाहीत, घड नाही, नुसता सांगाडा. मामांनी वही लांब धरून बराच वेळ पाहिली.

"यातल्या दोन काड्या जादा आहेत," ते म्हणाले. "वेलाला झेपायच्या नाहीत." आणि कुठून उडवायच्या, तिथे नखाने खूण करून दिली.