मधली पायरी

दुपारी जरा पाठ टेकावी आणि डोळे उघडावेत तेव्हा खिडकीत पिवळा, तिरका उजेड. सकाळ झाली की! उशीर झाला! माणूस धडपडत उठतो, ब्रशवर पेस्ट लावतो, आणि मग ध्यानात येतं, ही खिडकी पश्चिमेची.

ती अर्ध्या मिनिटाची सकाळ कुठल्या कप्प्यात ठेवायची?

अद्वैत वेदान्तात कप्पे तीन. त्याला त्रिविध सत्ता म्हणतात. इथे सत्ता म्हणजे असणं, खुर्ची नव्हे. प्रातिभासिक म्हणजे दोरीवरचा साप, शिंपल्यातली चांदी, स्वप्न. व्यावहारिक म्हणजे दोरी, शिंपला, ब्रश. पारमार्थिक फक्त ब्रह्म. वाटणीची कसोटी एकच, बाध. नंतरच्या ज्ञानाने जे खोटं ठरतं ते खालचं. दोरी कळली की सापाचा बाध, ब्रह्म कळलं की दोरीचाही. ब्रह्माचा बाध कशानेच नाही, म्हणून ते त्रिकालाबाधित. (हा शब्द आपण कुठल्याही वादात भिरकावतो. मूळ अर्थ इतका कडक आहे की त्यात एकच वस्तू बसते.)

साप दिसायलाही सामग्री लागते. उजेड अर्धवट हवा, कारण मिट्ट काळोखात दोरीही दिसत नाही आणि लख्ख उजेडात सापाला जागा उरत नाही. 'हे काहीतरी लांबट आहे' एवढं दिसावं, पीळ दिसू नये. शिवाय सापाचा संस्कार मनात आधीपासून हवा. यातलं एक कमी पडलं तरी भ्रम जमत नाही.

पण सगळे भ्रम सापासारखे गुणी नसतात. जास्वंदीशेजारचा स्फटिक लाल दिसतो. तो पांढरा आहे हे पक्कं ठाऊक झालं तरी फूल हलवेपर्यंत लालच दिसतो. हा सोपाधिक भ्रम, म्हणजे शेजारच्या वस्तूमुळे झालेला. ज्ञान झाल्यावरही ज्ञान्याला जग का दिसतं, या प्रश्नाला साप उपयोगी पडत नाही, तिथे स्फटिक आणावा लागतो. दृष्टान्त बदलला की पायऱ्यांची उंचीही बदलते, हे सहसा कुणी बोलून दाखवत नाही.

आणि मजले एकमेकांपासून बंद तरी कुठे आहेत? स्वप्नातल्या वाघाने फुटलेला घाम जागेपणी उशीवर ओला असतो. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात नुसत्या विषाच्या शंकेने येणाऱ्या मरणाचा दाखला दिला आहे. खोट्यातून खरं फळ निघतं, असं त्यांना तिथे दाखवायचं होतं. तेच पुढे स्वप्न आणि जागृती एका मापाने मोजू नका म्हणतात. त्यांच्या परमगुरूंनी, गौडपादांनी, मांडूक्यकारिकेत दोन्ही जवळजवळ एकाच तागडीत टाकली होती.

पायऱ्यांची सर्वात बोचरी थट्टा मात्र मीमांसक कुमारिल भट्टांची. रोख बौद्धांच्या संवृतिसत्यावर, म्हणजे व्यवहारापुरत्या सत्यावर होता, पण शेजारच्या अद्वैत्यालाही लागावा असा. संवृती सत्य असेल तर ती संवृती कसली? खोटी असेल तर सत्य कशी? 'खोटं' न म्हणता 'संवृती' म्हणणं म्हणजे लाळेला 'मुखातलं आसव' म्हणणं! अद्वैती यावर 'अनिर्वचनीय' म्हणतात, ना सत् ना असत्. उत्तर चोख आहे, पण लाळ डोक्यातून जात नाही.

खरी अडचण मोजणाऱ्याची आहे. सापाला घाबरलेल्याला आपण खालच्या पायरीवर आहोत हे कळत नाही. कळलं तर तो तिथे उरत नाही. वर पोहोचलेल्याला पायऱ्याच नाहीत. म्हणजे 'तीन' हा आकडा नेहमी मधल्या पायरीवरूनच येतो. अद्वैती हेही मान्य करतात, अगदी शांतपणे, आणि तिथेच वाद घालणाऱ्याची पंचाईत होते.

ज्ञानेश्वरांनी या मोजणीत पडायचंच नाकारलं. अमृतानुभवाचं सातवं प्रकरण 'अज्ञानखंडन' या एकाच कामाला लागलं आहे. अज्ञान नावाची वस्तूच सापडत नाही, तर ते घालवायचं कुठून? दिसतं ते चैतन्याचंच स्फुरण. खालची पायरीच नसेल तर चढणार काय! त्याआधी, सहाव्या प्रकरणात, अविद्या मारायला निघालेल्या शब्दाचीही त्यांनी अशीच गत केली आहे: जी नाहीच तिला मारून शब्दाने मिरवायचं काय?

आता त्या ब्रशचं. सकाळ खोटी ठरली, पेस्ट खरीच लागली आहे, आणि ती ट्यूबमध्ये परत जात नाही. घासून टाकावेत दात.