नेटच नाही, तर व्हायरस येणार कुठून?

पॉनकिट या सुरक्षेतल्या भोकाची बातमी फुटली ती 25 जानेवारी 2022 च्या रात्री, म्हणजे नेमकी प्रजासत्ताक दिनाच्या सुट्टीच्या तोंडावर. लिनक्सवरच्या पीकेएक्झेक या, दुसऱ्याच्या अधिकाराने कमांड चालवू देणाऱ्या प्रोग्रॅममधली ही चूक 2009 मधल्या पहिल्या आवृत्तीपासून तिथे पडून होती. साधं लॉगिन असलेला कुणीही तिच्या जोरावर थेट रूट, म्हणजे मशीनचा सर्वाधिकारी, होऊ शकत होता. क्वालिस या सुरक्षा कंपनीने माहिती जाहीर केली आणि काही तासांतच हल्ल्याचा कोड सगळीकडे फिरायला लागला.

आमचे नेटवरचे सर्व्हर सुट्टीतच घरबसल्या उरकले. राहिले चाकणच्या एका कारखान्यातले, ज्यांना इंटरनेटच नाही.

"अहो साहेब, नेटच नाही, तर व्हायरस येणार कुठून?" प्लँट मॅनेजरांनी फोनवर विचारलं. एरवी मी मान डोलावली असती. पण हे भोक कुंपणाला नव्हतंच, ते आत शिरलेल्या माणसासाठी होतं. आणि आत तर मशीनवाल्यांचे इंजिनियर स्वतःचे लॅपटॉप घेऊन रोज येतात, सर्व्हरवर त्यांची लॉगिनंही असतात.

पॅच, म्हणजे दुरुस्त आवृत्ती, पोचेपर्यंतचा तात्पुरता उपाय म्हणून तिथल्या मेंटेनन्सच्या मुलाला फोनवर एकेक अक्षर सांगत पीकेएक्झेकचा सेटयूआयडी बिट, म्हणजे त्याला रूटच्या अधिकाराने चालवणारी खूण, काढायला लावला. फाइलच्या परवानग्यांत ती 'एस' अशी दिसते. "एसच्या जागी एक्स आला का?" "आला सर." तेवढ्यावर रात्र निभावली.

दुसऱ्या दिवशी खरं काम. तिथे पेनड्राइव्हला बंदी, त्यामुळे पॅकेज डीव्हीडीवर न्यायचं. जुनाट वाटेल, पण मला ते पटतं: एकदा लिहून बंद केलेल्या डीव्हीडीवर आतलं काही चढून बाहेर येत नाही. खरी गोम डाउनलोडमध्ये असते. अवलंबून असलेली पॅकेजं आण असं सांगितलं, तर डीएनएफ हे पॅकेजं उतरवणारं साधन फक्त त्या मशीनवर नसलेलीच आणतं. आमचं बाहेरचं मशीन सकाळीच आपोआप अपडेट झालेलं, म्हणजे पीकेएक्झेक ज्यात येतो त्या पॉलकिट पॅकेजचं जोडीदार, पॉलकिट-लिब्स, आलंच नसतं, आणि आतला सर्व्हर त्याच आवृत्तीचं लिब्स मागत अडून बसला असता. म्हणून ऑलडेप्स, म्हणजे असलेलीसुद्धा सगळी आण, हा पर्याय लावला. मग ग्लिबसी या लिनक्सच्या पायाभूत लायब्ररीपर्यंतचा सगळा गोतावळा उतरला, त्यातली पॉलकिट आणि त्याचं लिब्स ही दोनच पॅकेजं उचलली.

गेटवर रजिस्टरमध्ये नोंद, स्कॅनिंगच्या मशीनवर तपासणी, मग सर्व्हर रूम. आत आधी आरपीएम या पॅकेज चढवणाऱ्या साधनाने पॅकेजांची डिजिटल सही तपासली. त्यासाठीची किल्ली सर्व्हरवर इन्स्टॉलेशनपासूनच असते, नेट लागत नाही. सही जुळली, अपडेट चढलं, एस परत जागेवर आला.

"लाइन किती वेळ बंद ठेवू?" मॅनेजर दारातच उभे होते. बंद कशाला? पीकेएक्झेक दर वेळी नव्याने चालतो, त्याच्यासाठी रीबूट लागत नाही. चेहरा खुलला त्यांचा. मग म्हणाले, "ती लॉगिनांची यादी द्या बघू." वाचता वाचता एका नावावर थांबले. "हा तर केव्हाच नोकरी सोडून गेलाय!" आणि खिशातलं पेन काढून नावांवर काट मारायला बसले.