पावलाचा ठसा

प्रसूतिकक्षातील माझ्या एकोणीस वर्षांच्या नोकरीत मृत जन्मलेले बाळ हाती घेण्याचे प्रसंग अनेकदा आले. पण गेल्या पावसाळ्यातील ती पहाट अजून मनातून जात नाही. आदल्या संध्याकाळी आमच्याच चर्चच्या मंडळीतील एक तरुणी छत्तिसाव्या आठवड्यात, कालपासून बाळाची हालचाल जाणवत नाही, असे सांगत आली. बाळाचे ठोके ऐकण्याच्या डॉपलर यंत्रावर ठोके मिळाले नाहीत, सोनोग्राफीनेही तेच सांगितले, आणि तरीही पुढचे अकरा तास तिला कळा सोसाव्याच लागल्या. जे बाळ रडणार नाही हे ठाऊक आहे, त्याच्यासाठी कळा देणाऱ्या बाईचा हात धरून उभे राहणे, याहून कठीण काम आमच्या पेशात नाही.

मुलगी झाली. सासूबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "सिस्टर, तिला दाखवू नका, मनाला लावून घेईल. देवाची इच्छा." त्यांच्या बोलण्यात मायाच होती. बावीस वर्षांपूर्वी, या नोकरीत येण्याआधी, माझा मुलगा असाच गेला तेव्हा मलाही हेच सांगण्यात आले होते, आणि कापडात गुंडाळून नेलेला त्याचा चेहरा मी कधीच पाहिला नाही. त्यानंतर कितीतरी रात्री मी देवाशी भांडले. त्या दिवसांत मला आधार झाला तो पंडिता रमाबाईंच्या चरित्राचा: दुष्काळाच्या काळात आईवडील आणि बहीण, मग भाऊ, लग्नाला दोन वर्षे होण्याआधीच पती, आणि १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा, असे सारे जाऊनही त्या केडगावात पवित्र शास्त्राचे, म्हणजे बायबलचे, मराठी भाषांतर करीत राहिल्या, ते पुरे केले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी डोळे मिटले.

माझे बाळ देवाने मुद्दाम नेले, असे मी म्हणत नाही. मेलेल्या मित्राला, लाजराला, पुन्हा उठवणार हे ठाऊक असूनही येशू रडला, एवढे मला पुरे आहे. पण आपल्याला मिळालेले सांत्वन दुसऱ्याच्या संकटात त्याला देता यावे म्हणून असते, हे बायबलमधील, करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या आरंभीचे प्रेषित पौलाचे म्हणणे, जे मी शेकडो वेळा वाचले होते, ते त्या पहाटे माझ्या रित्या कुशीपर्यंत पोहोचले.

मी सासूबाईंची समजूत घातली, बाळाला कोमट पाण्याने पुसले, झबले घातले आणि आईच्या मांडीवर दिले. नवजात बाळांच्या पावलांचे ठसे आम्ही नोंदीसाठी स्टॅम्प पॅडवर घेतो. त्याच पॅडवर तिचे बोटभर लांबीचे पाऊल टेकवून मी जाड कागदावर उमटवले. पाचही बोटे स्पष्ट आली. मग मी माझ्या मुलाविषयी तिला सांगितले, जे मी रुग्णालयात कोणालाही सांगितले नव्हते.

ती बराच वेळ त्या कागदाकडे पाहत होती. मग म्हणाली, "सिस्टर, त्याचं नाव काय ठेवणार होता?"

बावीस वर्षांत हे मला कोणी विचारले नव्हते. मी सांगितले. सकाळी चर्चचे पाळक आले, तेव्हा तिने दोन्ही बाळांची नावे घेऊन प्रार्थना करायला त्यांना विनंती केली.