बोटांना चिकटणारा काळा थर : आमची वाटचाल

नागपुरात मानेवाडा रोडला आमच्या बाबांचं गाड्यांच्या सीट कव्हरचं दुकान होतं. रेक्झीनचे गठ्ठे, फोम, दोन शिलाई मशीन आणि समोर उभ्या दोन-तीन गाड्या, एवढाच पसारा. बारावीनंतर मी तिथेच बसायला लागलो.

2015 च्या मे महिन्यात, ऐन नवतप्यात, वेकोलितून, म्हणजे वेस्टर्न कोलफील्ड्स या कोळसा कंपनीतून, निवृत्त झालेले एक काका त्यांची परदेशी कंपनीची सेडान घेऊन आले. सीट बघायला मी दार उघडलं, तर आतल्या हँडलचा काळा रंग माझ्या चारही बोटांना लागला. पुसला तर पसरला. साबणाने धुतला तरी नखांच्या कडेला राहिलाच.

“सीटचं राहू दे बेटा,” काका म्हणाले, “आधी हे पाहा. पांढरा शर्ट घालून गाडीत बसणं सोडलं मी. नातवंडं हात लावत नाहीत. अन् शोरूमवाले सगळे पॅनल बदला म्हणून राहिले.”

गाडी जेमतेम चाळीस हजार किलोमीटर चाललेली, इंजिन ठणठणीत. पॅनलचा जो खर्च त्यांना सांगितला होता, त्यात चांगल्या अवस्थेतली जुनी स्कूटर आली असती. मी त्यांच्याकडून आठ दिवस मागून घेतले. खरं तर मला त्यातलं काहीच माहीत नव्हतं.

बाबांनी पहिला सल्ला दिला तो आजही आमच्याकडे पाळला जातो: गिऱ्हाइकाच्या वस्तूवर शिकायचं नाही. कबाडीकडून तसल्याच गाडीचं ॲश-ट्रेचं झाकण आणलं आणि त्यावर दुकानातलं थिनर लावलं. चिकट थर गेला, पण त्याच्यासोबत खालचं प्लास्टिकही मऊ झालं आणि कापडाचे धागे त्यात रुतून बसले. थिनरमधली रसायनं एबीएस, म्हणजे गाडीच्या आतल्या भागांचं कडक प्लास्टिक, विरघळवतात. नेलपॉलिश रिमूव्हरमधलं ॲसिटोनही तेच करतं. घरी प्रयोग केलेल्या गाड्या आमच्याकडे आजही येतात, त्यात सगळ्यात जास्त नुकसान या रिमूव्हरनेच झालेलं असतं. टाल्कम पावडर लावणारेही पुष्कळ. त्याने दोन दिवस बरं वाटतं, मग पावडर त्या चिकट थरात मुरते आणि काळ्याचं राखाडी गिचमिड होतं.

तोडगा सापडला सीताबर्डीतल्या एका मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे. पाण्यात पडलेल्या फोनचे सर्किट बोर्ड तो आयपीएने, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोलने, धूत होता. त्याच्याकडून बाटलीभर आणलं. सुती कापड भिजवून झाकणाच्या दुसऱ्या अर्ध्या भागावर ठेवलं आणि तीन-चार मिनिटांनी उचललं. तापवलेल्या दुधावर साय सुरकुतते तसा तो थर सुरकुतला होता. प्लास्टिकच्या पट्टीने सरकवला तर गोळा होऊन कडेला आला. खाली निघालं ते कडक, कोरडं, करड्या रंगाचं प्लास्टिक, काल साच्यातून काढल्यासारखं. बाबांनी त्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, “याला तर काहीच झालं नाही.”

आमचा सगळा धंदा त्या वाक्यावर उभा आहे. गाडीचं प्लास्टिक खराब झालेलं नसतं. खराब होतो तो त्याच्यावर कारखान्यात फवारलेला, जेमतेम केसाएवढ्या जाडीचा सॉफ्ट-टच थर. कडक प्लास्टिक हाताला मखमली लागावं म्हणून दिलेला तो पॉलियुरेथेनचा लेप. यातल्या पॉलिएस्टर जातीच्या लेपाला हवेतला ओलावा मानवत नाही. पाण्याची वाफ आत शिरते, रेणूंच्या लांब साखळ्या मधेच तुटतात आणि लेप पुन्हा गोंदासारखा होतो. तुटताना जे आम्ल तयार होतं ते पुढची मोडतोड आणखी वेगाने करतं. म्हणून एकदा चिकटपणा सुरू झाला की तो पुसून, धुऊन थांबत नाही, वाढतच जातो. त्यात हाताचा घाम, तेल, सनस्क्रीन, डास पळवायचं मलम यांची भर. नव्वदच्या दशकातल्या फेरारीच्या बटणांचीही हीच तक्रार जगभर प्रसिद्ध आहे, त्यामुळे आपण स्वस्तातली गाडी घेतली म्हणून असं झालं, हा गिऱ्हाइकाचा समज मी आधी दूर करतो.

आणि आपलं नागपूर. मे महिन्यात पारा 45 च्या पुढे, काचा बंद करून उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड 70 अंशांवर जातो. ते भाजणं संपतं न संपतं तोच जूनच्या मध्यात पाऊस, आणि पुढचे तीन-चार महिने गाडीच्या आत कोंदट ओल. या लेपाला उष्णता आणि ओल दोन्ही मारक, आणि आपल्याकडे दोन्ही पाठोपाठ मिळतात.

काकांची गाडी आम्ही अकरा दिवसांत दिली. तीन हँडल, आर्मरेस्टच्या कडा, एसीच्या जाळ्या, मधला कन्सोल. मागच्या उजव्या दाराचं हँडल चिकटत नव्हतं, म्हणून त्याला हात लावला नाही. उगाच बिल वाढवायचं नव्हतं.

त्यानंतर काम तोंडी पसरलं. धरमपेठ, रामदासपेठ, सिव्हिल लाइन्समधून गाड्या येऊ लागल्या, आणि दोन चुका आमच्या हातून झाल्या ज्या सांगितल्याच पाहिजेत.

पहिली बटणांची. एका डॉक्टरांच्या गाडीचं एसीच्या बटणांचं पॅनल मी उघडलं आणि हँडलसारखंच आयपीएने पुसलं. चिकटपणासोबत पंखा, बाण, तापमान, सगळी चिन्हं कापडावर आली. माझ्या हातात सात पांढरी, अर्धपारदर्शक, एकसारखी बटणं उरली. रात्री उजळणाऱ्या बटणाचा मूळ भाग दुधी प्लास्टिकचा असतो. त्यावर काळा लेप देतात आणि चिन्हाच्या आकाराचा लेप लेझरने जाळून काढतात, म्हणजे मागचा दिवा नेमका तिथूनच दिसतो. काळा लेप गेला की चिन्हही जातं. मी आधी फोटोसुद्धा काढला नव्हता. डॉक्टरांना फोन करून खरं काय ते सांगितलं आणि नवं पॅनल आमच्या खर्चाने मागवून बसवलं. त्या महिन्यात दुकानाचं भाडं बाबांनी त्यांच्या मुदत ठेवीतून भरलं. पुढे जवळपास दोन वर्षं आम्ही बटणांचं काम घेतलंच नाही. येणाऱ्याला सरळ सांगायचो, हे आम्हाला येत नाही.

दुसरी चूक जास्त खोलवर गेली. लोकांना मूळचा मखमली स्पर्शच परत हवा असायचा. आम्ही बाजारातला सॉफ्ट-टच पेंट आणून मारायला सुरुवात केली. गाडी नेताना गिऱ्हाईक खूश, आम्ही खूश. दोन उन्हाळे गेले आणि त्यातल्या काही गाड्या परत आल्या: कुठे कोपरा सुटलेला, कुठे पुन्हा तोच चिकटपणा. ज्या रोगासाठी आलो, तोच आपण नव्याने टोचून दिला, असं मला वाटलं. एकूण नऊ गाड्या आम्ही बोलावून, पैसे न घेता पुन्हा केल्या. तेव्हापासून सॉफ्ट-टच मारायचा नाही हे ठरलं. थर काढायचा, 800 आणि मग 1000 नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून फिरवायचा, प्लास्टिकचा प्रायमर, त्यावर रंग आणि हार्डनर मिसळलेला टू-के, म्हणजे दोन घटकांचा, मॅट क्लिअर: बिनचमकीचा पारदर्शक थर. हाताला कडक लागतो, दिसायला मूळसारखाच काळा आणि निवांत. मॅटचा आग्रह मी डॅशबोर्डच्या वरच्या भागासाठी तर सोडतच नाही, कारण तिथे चमक असेल तर तिचं प्रतिबिंब समोरच्या काचेत पडतं आणि चालवणाऱ्याला रस्ता नीट दिसत नाही.

यावरून कधीकधी गिऱ्हाईक परत जातं. “दुसरीकडे मऊ करून देतात,” असं म्हणतात. जाऊ देतो.

2020 च्या मार्चमध्ये सगळं बंद झालं. गाड्या महिनोन्‌महिने उभ्या राहिल्या आणि उघडल्यावर लोकांनी स्टीअरिंग, गिअर नॉब, बटणं सॅनिटायझरने पुसायला सुरुवात केली. सॅनिटायझर म्हणजे अल्कोहोलच. थकलेला लेप त्याने सुटायला लागला. त्या वर्षाअखेर आमच्याकडे पूर्वी कधी नव्हती इतकी गर्दी झाली, आणि नेमकं तेव्हाच आयपीए मिळेना, कारण सगळा माल सॅनिटायझरकडे वळलेला. बाबा त्याच हिवाळ्यात दुकानातून कायमचे निवृत्त झाले. शिलाई मशीन आम्ही विकली नाहीत, एकावर आजही आर्मरेस्टची खोळ शिवतो.

वर्षभराने मुद्रा योजनेतून किशोर गटातलं कर्ज मिळालं आणि 20 वॅटचं फायबर लेझर मशीन आलं. बटणांचा जुना हिशेब मनात होताच. माझी बायको त्या मशीनवर बसते, तिचा हात आणि डोळा माझ्यापेक्षा बारीक आहे. बटण उतरवण्याआधी त्याचा सरळ वरून फोटो, मोजपट्टी शेजारी ठेवून. त्यावरून ती संगणकावर चिन्ह पुन्हा रेखते. काळा थर पातळच बसला पाहिजे, जाड झाला तर बटण त्याच्या खाचेत अडकतं, दाबलं तर वर येत नाही. लेझरची ताकद कमी पडली तर चिन्ह धुरकट, जास्त झाली तर खालचं पांढरं पिवळं पडतं. प्रत्येक पॅनल ती अंधाऱ्या खोलीत मागून दिवा लावून पाहते आणि सुईच्या टोकाएवढा उजेड गळताना दिसला तरी ते बटण पुन्हा पहिल्यापासून करते. माझ्या दृष्टीने आमच्याकडचं सगळ्यात मोलाचं काम हे आहे.

सगळंच चिकट प्लास्टिक मात्र आमच्या हातचं नसतं. मी आधी न दिसणाऱ्या कडेला नख लावतो. नखाखाली कडक लागलं तर वरचा लेप आहे, काढता येईल. नख रुतत गेलं तर तो भाग आतपर्यंत रबराचाच आहे, तिथे काढण्यासारखं वेगळं काही नाही. अशा वेळी नवा भाग घ्या म्हणून सांगतो.

काम सुरू करायला येणाऱ्या पोरांना मी पहिले पंधरा दिवस फक्त उघडणं-जोडणं शिकवतो. डिसेंबरच्या थंड सकाळी क्लिप काचेसारख्या तुटतात, म्हणून आधी हेअर ड्रायरने ऊब द्यायची. पिवळ्या रंगाचा कनेक्टर दिसला की तो एअरबॅगचा, बॅटरी काढून थांबल्याशिवाय स्टीअरिंगला हात नाही. आयपीएची वाफ 12 अंशांच्या आसपासही पेट घेऊ शकते, म्हणजे नागपुरात बाराही महिने, त्यामुळे त्या खोलीत चहाची शेगडी नाही, बिडी नाही, दारं उघडी. टू-के फवारताना कापडी रुमाल चालत नाही, कार्ट्रिजचा मास्कच लागतो, कारण हार्डनरमधल्या आयसोसायनेटने दमा जडतो. एका पोराने मास्कशिवाय गन उचलली तेव्हा मी त्याला त्या दिवशी घरी पाठवलं. आज तोच फवारणीचं सगळं खातं सांभाळतो आणि नव्या पोरांवर माझ्यापेक्षा जास्त ओरडतो.

वेकोलिचे काका अजून येतात. गाडी आता त्यांची मुलगी चालवते. दरवर्षी पावसाळा संपला की मी त्यांच्या दाराच्या हँडलवर अंगठा दाबून ठेवतो आणि उचलून पाहतो. ठसा उमटत नाही. यंदा दिवाळीच्या आधी त्या बाई एक हँडल पिशवीत घालून घेऊन आल्या, चारही बोटं काळी झालेली. मागच्या उजव्या दाराचं.