तुम्ही विचारलंत म्हणून: वाघाची अंगठी आधी उलटी करून बघा

पुरुषाच्या बोटात शोभेल अशी, हाती घडवलेली चांदीची अंगठी हवी. वर वाघ, सिंह नाहीतर घोडा. कोल्हापूरच्या गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, गेल्यावर नेमकं काय बघायचं, असं बरेच जण विचारतात. आमचं उत्तर ठरलेलं आहे: वाघाचं तोंड नंतर बघा, आधी अंगठी उलटी करा. तोंड गिऱ्हाइकासाठी केलेलं असतं, कारागिराचा हात आतल्या बाजूला कळतो.

सिंहाचं डोकं भरीव ठेवलं तर अंगठी सहज २०-२५ ग्रॅमच्या पुढे जाते, म्हणून मागून ते वाटीसारखं पोखरतात. त्यात गैर काही नाही. फक्त पोकळी उघडी असावी, कडा बोटाला टोचू नये आणि भिंत एक मिलिमीटरपेक्षा पातळ नसावी. पातळ असेल तर अंगठी फरशीवर पडली की सिंहाचं नाक चेपतं आणि ते आतून ठोकून पूर्वीसारखं होत नाही. पोकळी मागून पत्र्याने बंद केली असेल तर सावध व्हा. आत लाख भरली असली तर तिचेही पैसे चांदीच्या भावाने जातात. रिकामी असली तर सांध्यातल्या बारीक भोकातून साबणाचं पाणी आत शिरतं आणि पुढे काळं होऊन पाझरत राहतं. आतल्या बाजूला सुईच्या टोकाएवढी भोकं दिसली तर ओतकाम सच्छिद्र झालंय. बोटाभोवतीच्या पट्टीच्या तळाला अशी भोकं असतील तर ती अंगठी घेऊच नका, मोडते ती तिथेच.

‘हाती घडवलेली’ या नावाखाली बाजारात तीन प्रकारचा माल असतो. एक, मेणात एकदाच कोरून ओतलेला नग. दुसरा, रबरी साच्यातून निघालेली शंभरावी प्रत, जिच्यावर हाताने फक्त पॉलिश केलेलं असतं. तिसरा, चांदीवरच कलमाने (पोलादी कोरणीने) कोरलेला. साध्या दहापट भिंगाखाली आयाळीची एक रेघ बघा. कलमाने कापलेल्या रेघेच्या दोन्ही भिंती चकचकीत आणि तळ धारदार असतो. ओतलेल्या रेघेचा तळ गोलसर, किंचित खरखरीत दिसतो. चांगल्या कामात ओतल्यानंतर डोळे, मिशा आणि आयाळ पुन्हा कलमाने उघडतात. दुसऱ्या प्रकारची अंगठी वाईट असते असं नाही, पण तिला पहिल्या-तिसऱ्याची मजुरी देऊ नका. आणि ‘हुपरीचा माल’ एवढं ऐकून खूश होऊ नका. कोल्हापूर जिल्ह्यातल्या या चांदीकामाच्या गावाचं नाव मुख्यतः पैंजणांमुळे झालंय, अंगठीची परीक्षा वेगळी.

कुठला प्राणी घ्यावा, हे आवडीइतकंच त्याच्या आकारावरही ठरवा. वाघ-सिंहाचं डोकं गोल असतं, ते कशात अडकत नाही. गव्याची किंवा बैलाची शिंगं, घोड्याचे उभे कान, गरुडाची चोच मात्र खिशात हात घालताना अडकतात आणि चांदी मऊ असल्याने वाकतात. शिंगं डोक्याला चिकटून मागे वळलेली असतील तरच घ्या. वेटोळ्याचा नाग पुढून उघडा असतो, माप कमीजास्त करता येतं म्हणून खपतो. पण रोज वाकवलात तर चांदी कडक होऊन तळाशी तडकते. एकदा बसवा आणि सोडून द्या. दुचाकी चालवणाऱ्यांनी कुठलाही प्राणी घेतला तरी तळहाताकडची पट्टी ४-५ मिलिमीटर रुंद आणि कडा घासून गोल केलेली असावी, नाहीतर मुठीवर बोट सोलतं.

माप संध्याकाळी घ्या, सकाळी बोट बारीक असतं. आपल्याकडचा नंबर म्हणजे आतला घेर मिलिमीटरमध्ये, उणे ४०. घेर ६२ भरला तर २२ नंबर. कुस्ती-व्यायामवाल्यांची पेरं जाड असतात, तिथे पेराचं आणि बोटाच्या मुळाचं अशी दोन्ही मापं घेऊन मधला नंबर धरावा. पट्टी आठ मिलिमीटरपेक्षा रुंद असेल तर एक नंबर वाढवा. आयाळ पट्टीवर खालपर्यंत उतरली असेल तर पुढे माप वाढवणं अवघड, कारण पट्टी कापून तुकडा घालताना नक्षी तुटते आणि डाग देऊन सांधलेली जागा दिसते.

शुद्धतेसाठी ९२५ हा आकडा चांगला: ९२.५ टक्के चांदी, उरलेलं बहुतेक तांबं. शुद्ध चांदीत मिशांसारखं बारीक काम टिकत नाही. १ सप्टेंबर २०२५ पासून चांदीच्या हॉलमार्कलाही, म्हणजे शुद्धतेच्या शिक्क्यालाही, एचयूआयडी हा प्रत्येक नगाचा वेगळा ओळख क्रमांक आहे. सक्ती नाही, पण असेल तर दुकानातच भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपवर तपासा. क्रमांक नसेल तर बारीक वजनकाट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्य करा आणि अंगठी दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवा, तळाला टेकवू नका. २०.७ ग्रॅमची ९२५ अंगठी असेल तर काटा दोन ग्रॅमच्या आसपास दाखवेल. जर्मन सिल्व्हर असेल तर साधारण २.४, कारण त्यात चांदी नसतेच. तांबं, निकेल आणि जस्त. खडे किंवा बंद पोकळी असेल तर ही चाचणी फसते.

बिलावर वजन, टंच (शुद्धता) आणि मजुरी वेगवेगळी लिहून घ्या. अंगठी मोडीत विकली तर टंचाप्रमाणे चांदीचेच पैसे येतात, मजुरी परत मिळत नाही. डोळ्यांतले लाल खडे चिकटवलेत की धातूने आवळलेत हे विचारा, चिकटवलेला खडा गरम पाण्यात सुटतो. खरं वाघनख किंवा हत्तीचा केस बसवून देतो म्हणणाऱ्याच्या पायरीवरून खाली उतरा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे.

राहिली निगा. जोतिबाचा गुलाल आयाळीत बसला किंवा तांबड्या रश्श्याचं तेल, तर कोमट पाणी, भांड्यांचा साबण आणि मऊ ब्रश पुरे. चांदी उजळायच्या द्रावणात मात्र बुडवू नका. रेघांतला काळा रंग मुद्दाम दिलेला असतो, तो धुऊन निघाला की वाघाचा चेहरा सपाट दिसतो. तसं झालंच तर कारागिराकडून पुन्हा ऑक्सिडाइज करून घ्या आणि फक्त उंचवटे घासायला सांगा.